बल आणि परिबल

जाते घडविणारा पाथरवट वरच्या तळीला खुंट्यासाठी जे भोक पाडतो ते नेहमी तळीच्या कडेशी पाडतो, मध्याजवळ पाडीत नाही. आणि ही रीत इतक्या पिढ्यांपासून इतकी निमूटपणे चालत आली आहे की, तिच्यामागे यंत्रशास्त्राचा एक मूलभूत सिद्धान्त उभा आहे हे दळणाऱ्या बायकांना कोणी कधी सांगितले नसले, तरी त्यांच्या मनगटांना ते पुरेपूर ठाऊक होते. समजा, खुंटा मध्यापासून १८ सेंटिमीटरवर आहे आणि दळणारी बाई तो ३० न्यूटन बलाने, म्हणजे तीन किलोग्रॅमचे ओझे तोलून धरण्यास लागतो तेवढ्या जोराने, ओढीत आहे. तोच खुंटा मध्यापासून ६ सेंटिमीटरवर रोवला तर तिला ९० न्यूटन बल लावावे लागेल. दाणा तोच, दगड तोच, पिठाची प्रतही तीच. हाताचा भार मात्र तिप्पट. या दोन्ही प्रसंगी जी राशी बदलली नाही ती बलाची नव्हे, तर बल आणि अंतर यांच्या गुणाकाराची आहे: ३० गुणिले ०.१८ म्हणजे ५.४ आणि ९० गुणिले ०.०६ म्हणजेही ५.४. या गुणाकारास बलाचे परिबल म्हणतात. कारखान्यांतून आणि मोटारींच्या जाहिरातींतून ज्याला टॉर्क म्हणतात तो हाच. बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजले म्हणजे परिबल न्यूटन-मीटरमध्ये मिळते, आणि आपले जाते फिरविण्यास असे ५.४ न्यूटन-मीटर लागतात, मग ते बाईच्या हाताने पुरविलेले असोत वा विजेच्या मोटारीने.

परिबल हे बलाचे दुसरे नाव नव्हे आणि बलाची एखादी निराळी जातही नव्हे, हे प्रथमच स्पष्ट करून ठेवले पाहिजे. कारण विद्यार्थ्यांच्या मनात या विषयासंबंधी जो घोटाळा असतो त्याचे मूळ बहुधा येथेच सापडते. एका वस्तूने दुसरीवर केलेली ओढ अथवा दाब म्हणजे बल. ते किती, कोणत्या दिशेने आणि कोणत्या बिंदूवर लागले एवढे सांगितले की त्याचे वर्णन पुरे झाले. परिबल सांगावयाचे तर एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या अक्षाभोवती मोजावयाचे, या प्रश्नाचा निकाल आधी लावावा लागतो, आणि तो लावल्यावाचून परिबलाविषयी केलेले कोणतेही विधान अपुरे राहते. एकाच बलाचे एका अक्षाभोवती प्रचंड, दुसऱ्याभोवती अल्प आणि तिसऱ्याभोवती शून्य परिबल असू शकते, आणि या तीन विधानांत परस्परविरोध यत्किंचितही नसतो. बल हा वस्तूवर प्रत्यक्ष घडणारा व्यापार आहे. परिबल हा त्या व्यापाराचा एका विशिष्ट अक्षाशी असलेला संबंध आहे. माझ्या मते या विषयातील सर्व अडचणी, आणि त्याचे सर्व सौंदर्यही, या एका भेदात साठलेले आहे.

म्हणूनच, एखादा घट्ट बसलेला नट सोडविण्यास किती जोर लागेल असे कोणी विचारले तर त्या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २०० न्यूटन बल लावले तर नटाच्या अक्षाभोवती ५० न्यूटन-मीटर परिबल होते. त्याने नट हलला नाही की अनुभवी फिटर पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवितो, लांबी पाऊण मीटरवर नेतो, आणि तेवढ्याच जोरात १५० न्यूटन-मीटर मिळवितो. पण हीच युक्ती नट घट्ट करण्याच्या कामी वापरली तर घात होतो. हाताला लागणारा जोर नेहमीचाच वाटत असल्यामुळे आपण मर्यादा ओलांडली याची वर्दी हात देत नाही, आणि बोल्टाचे आटे झिजून जातात किंवा बोल्टच तुटतो. नटाला हात समजत नाही, त्याला परिबल समजते. याच कारणास्तव इंजिनाच्या माथ्याचे बोल्ट आवळताना परिबल दाखविणारा विशेष पाना वापरण्याची सक्ती असते, आणि यंत्राच्या माहितीपुस्तकात प्रत्येक बोल्टापुढे जो आकडा छापलेला असतो तो न्यूटनमध्ये नसून न्यूटन-मीटरमध्ये असतो.

तरफेचा नियम सिद्धतेसह मांडण्याचा मान सिराक्यूजच्या आर्किमिडीजला, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकाला, दिला जातो. टेकूच्या दोन बाजूंना टांगलेली वजने आपापल्या अंतरांच्या व्यस्त प्रमाणात असली की तरफ समतोल राहते, हे त्याने सममितीच्या साध्या गृहीतकांपासून आरंभ करून भूमितीच्या पद्धतीने दाखविले. उभे राहण्यास जागा मिळाली तर आपण पृथ्वीही हलवू, असा जो त्याचा सुप्रसिद्ध उद्गार परंपरेने सांगितला जातो, तो केवळ अभिमानाचा नव्हता. नियम मान्य केला की तो उद्गार तर्कतः मान्य करावाच लागतो. पण त्याचा हिशेब पुरा करून पाहण्यासारखा आहे. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्ये एवढे किलोग्रॅम आहे. एवढा बोजा भूपृष्ठावरील वजनाच्या मानाने तरफेच्या एका टोकास आहे असे समजा, आणि दुसऱ्या टोकास ६० किलोग्रॅमचा माणूस लटकला आहे असे धरा. या दोहोंचे गुणोत्तर १ वर २३ शून्ये इतके होते, आणि त्याच प्रमाणात माणसाकडची भुजा बोजाकडच्या भुजेहून लांब हवी. आता पृथ्वी एक सेंटिमीटर उचलावयाची म्हटली तर माणसाच्या टोकाला १ वर १८ शून्ये एवढे किलोमीटर अंतर कापावे लागेल. प्रकाश हे अंतर एक लाखाहून थोड्या अधिक वर्षांत तोडतो. म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा प्रवास झाला.

या आकड्यांतून तरफेचा खरा व्यवहार उघड होतो. लांब भुजेने बलाची बचत होते, पण त्या बचतीचा मोबदला अंतराच्या रूपाने पैपैने वसूल केला जातो. जात्याचा खुंटा कडेशी असला म्हणजे जोर कमी लागतो खरा, पण प्रत्येक फेऱ्यागणिक हाताला मोठे वर्तुळ काढावे लागते. मध्याजवळ असता तर वर्तुळ लहान झाले असते आणि जोर वाढला असता. बल आणि त्या बलाच्या दिशेने तोडलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य, आणि हे कार्य दोन्ही प्रसंगी सारखेच राहते. आपल्या उदाहरणात एका फेऱ्यास सुमारे ३४ जूल. कोणतीही तरफ, कप्पी वा चक्र या जमाखर्चात एक जूलची देखील भर घालू शकत नाही.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. कार्य म्हणजे न्यूटन गुणिले मीटर, आणि परिबल म्हणजेही न्यूटन गुणिले मीटर. मग दोहोंत तफावत काय? एकक सारखे असले तरी या दोन राशी भिन्न आहेत. कार्यातील अंतर बलाच्या दिशेने तोडलेले असते, परिबलातील अंतर बलाच्या दिशेशी काटकोनात मोजलेले असते. पहिल्यात हालचाल झालीच पाहिजे. दुसऱ्यात काहीही हलले नाही तरी चालते. गंजून घट्ट झालेल्या नटावर कोणी तासभर पान्याने जोर करीत राहिला आणि नट तसूभरही फिरला नाही, तर परिबल अखंड लागत होते, पण नटावर झालेले कार्य शून्य. नट फिरू लागला की मात्र परिबलाला फिरलेल्या कोनाने गुणावे आणि कार्य मिळवावे. हा कोन अंशांत न मोजता त्रिज्यीमध्ये मोजावा लागतो, आणि पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.२८ त्रिज्यी असतात; जात्याचे ५.४ न्यूटन-मीटर याच मार्गाने ३४ जूल झाले. परिबलाला जूल हे नाव न देण्याचा जो संकेत शास्त्रज्ञांनी पाळला आहे तो या भेदाची आठवण राहावी म्हणूनच.

आतापर्यंत बल नेहमी भुजेशी काटकोनात लागते असे आपण गृहीत धरले, परंतु व्यवहारात तसे क्वचितच घडते. दाराच्या फळीवर काटकोनात दाब दिला तर दार फिरते. तेवढाच दाब फळीच्या कडेवरून बिजागरीच्या रोखाने दिला तर बिजागरी कुरकुरेल, पण दार जागचे हलणार नाही. म्हणून परिबलातील अंतर म्हणजे अक्षापासून बल लागलेल्या बिंदूपर्यंतचे अंतर नव्हे. ज्या रेषेवरून बल कार्य करते त्या रेषेवर अक्षापासून टाकलेल्या लंबाची ती लांबी होय. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांत या लंबरूप भुजेचे आकलन स्पष्ट दिसते. त्याने लाकडाच्या प्रत्यक्ष भुजेखेरीज ही दुसरी, डोळ्यांना न दिसणारी भुजा ओळखली होती. पुढे १६८७ मध्ये पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाने एका बलाचे घटक पाडले तर त्या घटकांच्या परिबलांची बेरीज मूळ बलाच्या परिबलाएवढीच भरते हे प्रमेय मांडले, आणि तिरकस बलांचा सारा प्रपंच एकदाचा सुटसुटीत झाला.

या दिशेच्या प्रश्नाचे अत्यंत भव्य असे उदाहरण वाफेच्या आगगाडीने जगासमोर ठेवले. १८६३ मध्ये मुंबई आणि पुणे यांच्यामधील बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांमागे एक फूट असा होता, आणि त्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा चालू करणे ही कोणत्याही इंजिनाची कसोटीच होती. इंजिनात वाफ दट्ट्याला पुढे-मागे ढकलते, दट्ट्याचा जोर एका लांब दांड्यामार्फत चाकावरील खिळीला मिळतो, आणि ही खिळी आसापासून ठराविक अंतरावर बसविलेली असल्यामुळे चाक फिरते. समजा, दट्ट्याचा जोर १ लाख न्यूटन आहे आणि खिळी आसापासून ३३ सेंटिमीटरवर आहे. खिळी आसाच्या बरोबर वर किंवा खाली असताना आडव्या दांड्याचा जोर भुजेशी जवळजवळ काटकोनात लागतो आणि परिबल ३३,००० न्यूटन-मीटर होते. पण चाक पाव फेरा फिरून खिळी, आस आणि दट्ट्या एका रेषेत आले की, तोच १ लाख न्यूटनांचा जोर सरळ आसातून जातो, लंबभुजा शून्य होते, आणि परिबलही शून्य होते. वाफ कोंडलेली, दट्ट्यावर तितकाच भयंकर दाब, आसाच्या बेअरिंगांवर तितकाच ताण. पण चाकाला फिरण्याची प्रेरणा काडीचीही नाही. याला मृतबिंदू म्हणतात. धावत्या गाडीत चाक आपल्या वेगाच्या भरात मृतबिंदू ओलांडून जाते, परंतु गाडी नेमकी त्याच स्थितीत थांबली तर ती आपण होऊन निघणेच अशक्य.

इंजिनाच्या रचनाकारांनी यावर केलेली तजवीज पाहिली की मन प्रसन्न होते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर ठेवावयाचे, आणि एकाच आसाच्या दोन टोकांवरील खिळ्या एकमेकींशी काटकोनात बसवावयाच्या. मग डावीकडील खिळी मृतबिंदूवर असते तेव्हा उजवीकडील आपल्या सर्वोत्तम स्थितीत असते. आणि दोन्ही मधल्या स्थितीत, म्हणजे पंचेचाळीस अंशांवर, असतात तेव्हा प्रत्येकीकडून सुमारे सात दशांश भाग मिळून बेरीज एकीच्या कमाल परिबलाच्या १.४ पट होते. वाफेचा दाब सर्व वेळ तोच राहिला असे धरले तर आसावरील एकूण परिबल ३३,००० न्यूटन-मीटरच्या खाली कधीच उतरत नाही. दोन सिलिंडरांचे एखादे जुने इंजिन कोठे जतन केलेले दिसले तर वाचकाने दोन्ही बाजूंच्या खिळ्यांच्या जागा ताडून पाहाव्यात. हा काटकोन त्याला साध्या डोळ्यांनी दिसेल.

बल आणि परिबल यांचे स्वातंत्र्य किती खोल आहे याचा आणखी एक पुरावा १८०३ मध्ये लुई प्वॅन्सो याने पुढे आणला. समान परिमाणाची, परस्परविरुद्ध दिशांची, पण भिन्न रेषांवरून कार्य करणारी दोन बले घेतली तर त्यांची बेरीज शून्य येते; वस्तूचा गुरुत्वमध्य जागेवरून हलण्याचे कारण उरत नाही; आणि तरीही वस्तू फिरू लागते. याला युग्म म्हणतात. नळाची तोटी पिरगाळताना अंगठा एका बाजूने आणि तर्जनी दुसऱ्या बाजूने जे करतात ते युग्मच. त्याचे वैशिष्ट्य असे की, कोणताही समांतर अक्ष घेतला तरी त्याचे परिबल तेवढेच राहते, आणि कितीही युक्ती लढविली तरी एकट्या बलाने त्याचा समतोल साधता येत नाही. त्याला विरोध करण्यास दुसरे युग्मच लागते. बलांची बेरीज शून्य म्हणजे स्थैर्य, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी या एका वस्तुस्थितीवर थोडा वेळ थांबून विचार करावा. पूल बांधणारा अभियंता दोन स्वतंत्र हिशेब मांडतो, एक बलांचा आणि एक परिबलांचा, आणि दोन्ही शून्यावर मिटल्याखेरीज आराखड्यावर सही करीत नाही.

परंतु बल प्रचंड असूनही परिबल शून्य, आणि बल नगण्य असूनही परिबल निर्णायक, या विरोधाचा जो उपयोग हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये करून दाखविला त्याला यंत्रशास्त्राच्या इतिहासात तोड नाही असे मला वाटते. प्रश्न असा होता की, पृथ्वीची घनता किती? तो सोडविण्यासाठी प्रयोगशाळेतील दोन शिशाच्या गोळ्यांमधील गुरुत्वाकर्षण मोजावयाचे होते. कॅव्हेंडिशच्या उपकरणातील मोठा गोळा सुमारे १५८ किलोग्रॅमचा आणि लहान गोळा सुमारे पाऊण किलोग्रॅमचा होता. त्यांच्यामधील आकर्षण न्यूटनाच्या एक कोट्यंश भागाच्या दीडपट, म्हणजे एका ग्रॅमचे साठ-सत्तर हजार भाग केले तर त्यांतील एका भागाच्या वजनाएवढे. उलट लहान गोळ्याला पृथ्वी जे बल लावते ते सुमारे ७ न्यूटन, म्हणजे मोजावयाच्या बलाच्या साडेचार कोटी पटींहून अधिक. एवढ्या कल्लोळात तो क्षीण स्वर ऐकावयाचा कसा?

जॉन मिचेल या धर्मोपदेशकाने योजिलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर कॅव्हेंडिशकडे आलेले उपकरण या प्रश्नाचे उत्तर आपल्या रचनेतच बाळगून होते. सुमारे १.८ मीटर लांबीचा हलका लाकडी दांडा मधोमध एका बारीक तारेने छताच्या रोखाने टांगलेला, दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान गोळे, आणि त्यांच्या शेजारी विरुद्ध बाजूंना आणून ठेवलेले दोन मोठे गोळे. दांडा फिरू शकतो तो केवळ तारेच्या उभ्या अक्षाभोवती. पृथ्वीचे आकर्षण त्या अक्षाला समांतर आहे. आणि अक्षाला समांतर असलेल्या बलाचे त्या अक्षाभोवतीचे परिबल, ते बल कितीही मोठे असो, शून्यच असते. म्हणजे साडेचार कोटी पटींचा तो प्रतिस्पर्धी क्षीण करून नव्हे, झाकून नव्हे, तर केवळ अक्षाची निवड करून हिशेबातून पार बाद झाला. शिशाच्या गोळ्यांचे आकर्षण मात्र आडवे, दांड्याशी काटकोनात आणि जवळजवळ मीटरभर भुजेवर लागत होते. दोन टोकांचे मिळून एक युग्म झाले, आणि त्याने तार पिळली जाऊन दांड्याची टोके काही मिलिमीटर सरकली.

तारेला पीळ पडला की ती उलट परिबलाने विरोध करते, आणि हे परिबल पिळाच्या कोनाच्या प्रमाणात असते, हे शार्ल कूलोंने १७८४ मध्येच दाखवून दिले होते. तारेचा हा ताठरपणा थेट मोजण्याची गरज पडली नाही. दांडा मोकळा झुलू दिला की त्याच्या मंद आंदोलनांच्या कालावधीवरून तो काढता येत होता. वाऱ्याची झुळूक आणि तपमानातील फरक यांची दखल घेऊन कॅव्हेंडिशने उपकरण बंद खोलीत ठेवले, मोठे गोळे बाहेरून कप्प्यांनी हलविले, आणि भिंतीतून रोखलेल्या दुर्बिणींतून टोकांच्या जागा वाचल्या. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४५ पट असल्याचे त्याच्या निरीक्षणांतून निघते. आजचा मान्य आकडा ५.५१ आहे. जे परिबल त्याने मोजले ते न्यूटन-मीटरच्या एक कोट्यंश भागाच्या तिपटीहून थोडे कमी होते.

परिबलाचे पुन्हा बलात रूपांतर कसे होते हे पाहण्यास मात्र घाटातल्या मोटारगाडीइतके सोयीचे दुसरे साधन नाही. दात्यांच्या दोन चाकांपैकी एकाला २० दाते आणि दुसऱ्याला ६० दाते असले, तर जेथे दाते एकमेकांना भिडतात तेथील बल दोघांवर समान असते. परंतु मोठ्या चाकाची त्रिज्या तिप्पट असल्यामुळे त्याच्या आसावरील परिबल तिप्पट आणि फेरे एकतृतीयांश होतात. समजा, दहा टनांच्या बसचे इंजिन ३०० न्यूटन-मीटर परिबल देते. पंधरा मीटरला एक मीटर या चढावर गाडी मागे न येऊ देण्यासच सुमारे साडेसहा हजार न्यूटन बल लागेल. सर्वांत वरच्या गिअरमध्ये परिबल मागील आसाकडे पोहोचेपर्यंत समजा पाचपट होते, म्हणजे १,५०० न्यूटन-मीटर. अर्धा मीटर त्रिज्येच्या चाकाने ते रस्त्यावर टाकले की भागाकार होऊन ३,००० न्यूटन बल मिळते, आणि गाडी चढ चढू शकत नाही. पहिल्या गिअरमध्ये तेच परिबल तीसपट होऊन रस्त्यावर १८,००० न्यूटन बल उतरते. त्याचा मोबदला वेगात द्यावा लागतो: इंजिनाचे मिनिटाला १,५०० फेरे कायम धरले तर वरच्या गिअरमध्ये ताशी ५६ किलोमीटर जाणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी ९ किलोमीटरवर येते. घर्षणाची तूट येथे सोडून दिली आहे.

कॅव्हेंडिशने दांड्यासाठी जी निवड केली ती निसर्गाने ग्रहांसाठी आपण होऊन केली आहे. सूर्य पृथ्वीला जे बल लावतो ते सुमारे साडेतीन वर २२ शून्ये इतके न्यूटन भरेल. परंतु ते सतत सूर्याच्याच रोखाने असल्यामुळे सूर्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती त्याची लंबभुजा शून्य, आणि परिबल शून्य. ज्याप्रमाणे बल नसल्यास वस्तूचा वेग बदलत नाही त्याप्रमाणे परिबल नसल्यास वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान, वेग आणि लंबभुजा यांचा गुणाकार, बदलत नाही. ग्रह सूर्याभोवती फिरताना समान काळात समान क्षेत्रफळे आक्रमितो हा केप्लरचा नियम याच तत्त्वाचे भौमितिक रूप होय, आणि न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात पहिला सिद्धान्त म्हणून तोच सिद्ध केला. वाचकाने स्वतः पडताळा घ्यावा: जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.२९ किलोमीटर वेगाने जाते. जुलैच्या आरंभी ती १५.२१ कोटी किलोमीटरवर असते आणि वेग २९.२९ किलोमीटर होतो. दोन्ही गुणाकार करून पाहावेत. तफावत दशांशाच्या पहिल्या स्थळापलीकडे जात नाही.

पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला मात्र ही सवलत पूर्णपणे मिळालेली नाही. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला भरतीचा जो फुगवटा येतो तो पृथ्वीच्या भ्रमणामुळे चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो; त्यामुळे चंद्राच्या एकूण आकर्षणाची रेषा पृथ्वीच्या केंद्रातून बरोबर न जाता त्याच्या बाजूने जाते, आणि पृथ्वीच्या अक्षाभोवती तिचे भ्रमण मंदावणारे परिबल निर्माण होते. दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग चंद्राच्या खाती जमा होतो, आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर किरण सोडून हे अंतर मोजले गेले आहे. १९६३ मध्ये जॉन वेल्स याने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरील वाढीच्या बारीक रेघा मोजल्या, तेव्हा त्याला त्या काळच्या वर्षात सुमारे ४०० दिवस आढळले; म्हणजे दिवस तेव्हा बावीस तासांचाही पुरता नव्हता.

आता या परिबलाची भुजा काढणे कठीण नाही. चंद्राच्या सरकण्यावरून परिबल सुमारे साडेचार वर १६ शून्ये इतके न्यूटन-मीटर येते, आणि पृथ्वीवर चंद्र लावतो ते बल २ वर २० शून्ये इतके न्यूटन आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर उत्तर मीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या सव्वादोन पट येते. चंद्राच्या ओढीची रेषा पृथ्वीच्या केंद्रापासून जेमतेम पाव मिलिमीटर चुकते, आणि पृथ्वीचा दिवस लांबविण्यास तेवढी भुजा पुरेशी होते.